दोष मांडणीचा, खापर माणसावर

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगड मतदारसंघात शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादी काँग्रेसच्या सुनील तटकरे यांच्यापेक्षा अवघ्या २,११० मतांनी पुढे राहिले. त्याच मतपत्रिकेवर आणखी एक सुनील तटकरे होते, अपक्ष. त्यांना ९,८४९ मतं पडली. ती सगळी नामसाधर्म्यामुळे चुकून पडली असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मतदाराच्या मनातलं मतदारालाच ठाऊक. पण विजयाच्या फरकाच्या चौपटीहून जास्त मतं त्याच नावाच्या अपक्षाला पडली, तेव्हा मतपत्रिकेकडे बारकाईने बघणं भागच होतं.

अशा वेळी नाक्यावर एकच सूर निघतो : लोकांनी नीट वाचून बटण दाबायला नको का? निवडणूक आयोगाने वेगळा मार्ग धरला. १ मे २०१५ पासूनच्या निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाशेजारी त्याचं छायाचित्र छापायचं ठरलं. मतदाराला शहाणपण शिकवत बसण्यापेक्षा मतपत्रिकाच सुधारली. नाव सारखं असू शकतं, चेहरा सारखा नसतो, एवढा साधा विचार.

यूजर एक्सपिरियन्स डिझाइन, म्हणजे ज्याला या धंद्यातली मंडळी नुसतं ‘यूएक्स’ म्हणतात, त्या शास्त्राचं सार याच निर्णयात आहे. माणूस आणि वस्तू यांची जिथे गाठ पडते ती जागा म्हणजे इंटरफेस. मग तो कागद असेल, यंत्राचं बटण असेल किंवा मोबाइलचा पडदा. ती जागा कशी मांडावी, म्हणजे समोरच्याला काय करायचं ते कळेल, केलं ते झालं की नाही हे कळेल आणि चुकलं तर सावरता येईल, याचा विचार करणं हे या मंडळींचं काम. लोकांना वाटतं, हे रंगरंगोटीचं काम आहे. रंग त्यात येतोच, पण फार शेवटी.

पुन्हा मतपत्रिकेकडेच वळू. पनवेल तालुका रायगड जिल्ह्यात असला, तरी लोकसभेला तो मावळात मोडतो. त्यामुळे पनवेलकर घाटावरच्या पिंपरी-चिंचवडकरांबरोबर एकाच खासदारासाठी मत देतात. २०२४ मध्ये मावळात ३३ उमेदवार उभे राहिले. मतदान यंत्राच्या एका बॅलट युनिटवर १६ ओळी मावतात. ३३ उमेदवार आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’ धरून ३४ ओळी झाल्या, म्हणजे तीन युनिटं शेजारी शेजारी मांडावी लागली. पर्याय जितके जास्त, तितका निवडीला वेळ जास्त, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक याने १९५२ मध्येच प्रयोगांतून मांडलं होतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे एकट्या उभ्या असलेल्या, बाहेर रांग खोळंबलेली आहे याचं दडपण असलेल्या सत्तरीतल्या आजीबाईंनी ३४ ओळींतून आपला उमेदवार कसा शोधायचा?

इथे मांडणी मदतीला येते. यादी कशीही लावलेली नसते. आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे आणि शेवटी अपक्ष, असा क्रम असतो आणि प्रत्येक गटात नावं वर्णक्रमाने. बहुतेकांना हवी असलेली नावं त्यामुळे पहिल्याच युनिटवर, वरच्या भागात सापडतात.

यंत्र जवळून पाहण्यासारखं आहे. एका आडव्या ओळीत अनुक्रमांक, नाव, छायाचित्र, चिन्ह, त्याच ओळीत लाल दिवा आणि टोकाला निळं बटण. कोणतं बटण कुणाचं हे विचारावं लागत नाही, कारण नाव आणि बटण एकाच रेषेत आहेत. बटण उठावदार आहे, बघताक्षणी दाबावंसं वाटतं. दाबलं की त्याच ओळीतला दिवा लागतो, लांब ‘बीप’ ऐकू येतो आणि शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे उमेदवाराचं नाव-चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसून खाली पडते. डोळ्यांना दिवा, कानांना आवाज, मनाला चिठ्ठी. मत गेलं की नाही, या शंकेला जागाच ठेवलेली नाही. पुन्हा बटण दाबून उपयोग नसतो, कारण मतदान अधिकाऱ्याने कंट्रोल युनिटवरून पुढचं मत खुलं करेपर्यंत यंत्र अडून बसतं. बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे आहेत. आणि वापरात नसलेली बटणं झाकलेली असतात, म्हणजे नसलेल्या उमेदवाराला मत देण्याची चूक करताच येत नाही.

या यंत्राच्या बाह्यरूपाचं डिझाइन पवईत झालं. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले, म्हणजे आयडीसीतले, प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या हे त्याचे औद्योगिक डिझायनर. आयडीसीची स्थापना १९६९ ची. अॅप हा शब्दही कुणी ऐकला नव्हता, तेव्हापासून पवईच्या या संस्थेत माणूस आणि वस्तू यांच्यातल्या व्यवहाराचा अभ्यास होतो आहे. महाराष्ट्राने याचा अभिमान बाळगावा.

त्याच्याही आधीची गोष्ट आणखी मोठी आहे. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशातल्या बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना आधी साक्षर करा आणि मग मताधिकार द्या, असं म्हणणारेही होते. देशाने तसं केलं नाही. प्रत्येक उमेदवाराला चिन्ह दिलं आणि प्रत्येकाची वेगळी मतपेटी ठेवून तिच्यावर ते चिन्ह डकवलं. मतदाराने काही लिहायचं नाही, शिक्का मारायचा नाही; आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा. १९५७ मध्येही हीच पद्धत होती, १९६२ मध्ये एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली. बैलजोडी, झोपडी, विळा-कणीस या चित्रांनी कोट्यवधी निरक्षर माणसांना राज्यकर्ते निवडण्याची ताकद दिली. भारतातलं सर्वांत यशस्वी यूएक्स डिझाइन कोणतं, असं विचारलं तर उत्तर हेच द्यावं लागेल.

चूक माणसाची नसून मांडणीची असू शकते, हे जगालाही सहजासहजी पटलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप परत येत आणि धावपट्टीवर उतरल्यावर वैमानिक चाकंच आत ओढून घेत. विमान पोटावर आदळे. ‘वैमानिकाचा निष्काळजीपणा’ असा शेरा पडे. अल्फोन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये डोकावून पाहिलं, तर चाकांचा दांडा आणि पंखांच्या झडपांचा दांडा शेजारी शेजारी आणि दिसायला अगदी सारखे! दमलेला माणूस एकाऐवजी दुसरा ओढणारच. त्याने चाकांच्या दांड्याच्या टोकाला रबरी चाक बसवलं आणि झडपांच्या दांड्याला पाचरीसारखा आकार दिला. हाताला स्पर्शानेच फरक कळू लागला आणि ते अपघात थांबले. पुढे १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला, तेव्हाही आधी बोट दाखवलं गेलं ते कर्मचाऱ्यांकडे. नियंत्रण कक्षाचा अभ्यास करणाऱ्यांत डोनाल्ड नॉर्मन हे मानसशास्त्रज्ञ होते. माणसांनी चुकावं अशीच त्या कक्षाची रचना होती, हे त्यांच्या लक्षात आलं. याच नॉर्मन यांचं रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक १९८८ मध्ये आलं आणि १९९३ मध्ये अॅपल कंपनीत त्यांनी ‘यूजर एक्सपिरियन्स’ हे शब्द असलेलं पद घेतलं. तिथून हे नाव जगभर रूढ झालं.

पनवेल स्थानकात या कल्पना दिवसाचे वीस तास राबताना दिसतात. फलाटावरचे तिरके पट्टे घ्या. हिरवे-पिवळे पट्टे दिसले की तिथे महिलांचा डबा थांबणार, लाल-पिवळे दिसले की पहिल्या वर्गाचा. डब्यांवरही तेच पट्टे. गावाहून पहिल्यांदा आलेली, एक अक्षर न वाचणारी बाई चार दिवसांत हा संकेत शिकते आणि जन्मभर विसरत नाही. पाटी वाचावी लागते, पट्टा नुसता दिसतो. गाडी फलाटाला लागल्यावर डब्यात शिरायला काही सेकंद मिळतात. तेवढ्यात वाचत बसायला कुणाला सवड आहे?

आता त्याच फलाटावरची अडचण. पनवेलहून सुटणारी प्रत्येक लोकल सीएसएमटीला जात नाही. काही ठाण्याला जातात, काही गोरेगावला. डबे सारखे, रंग सारखे, बाहेर पडण्याचा मार्गही सुरुवातीला तोच. घाईघाईने, इंडिकेटर न बघता ठाण्याच्या गाडीत बसलेल्या नवख्या प्रवाशाला खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर ही सगळी स्थानकं अपेक्षेप्रमाणेच येताना दिसतात. जुईनगर गेलं आणि सानपाड्याऐवजी तुर्भे आलं, की मग त्याच्या पोटात धस्स होतं. चूक झाली पनवेलला आणि कळली तुर्भ्याला. डिझाइनच्या भाषेत याला उशिरा मिळालेला प्रतिसाद म्हणतात आणि प्रतिसाद जितका उशिरा, तितकी चूक महाग. म्हणूनच डब्यातल्या उद्घोषणेने आणि पट्टीने पुढचं स्थानक सांगणं जेवढं गरजेचं, तेवढंच गाडीचं शेवटचं स्थानक पुन्हा पुन्हा सांगणं गरजेचं असतं. जिथे ते होतं तिथे प्रवासी पहिल्या-दुसऱ्या स्थानकावरच सावध होऊन उतरतो.

रोज लोकल पकडणाऱ्या पनवेलकराच्या मोबाइलमध्ये ‘एम-इंडिकेटर’ हे अॅप हमखास सापडतं. सचिन टेके यांनी ते २०१० मध्ये आणलं. त्या काळी मोबाइलवर इंटरनेट महाग होतं आणि धावत्या गाडीत ते टिकतही नसे. म्हणून गाड्यांचं वेळापत्रक फोनमध्येच साठवून ठेवायचं ठरलं. नेट नसलं तरी गाडीची वेळ दिसणार! पडद्यावर सजावट बेताची, पण ‘पुढची गाडी कधी?’ या एका प्रश्नाचं उत्तर दोन-तीन ठिकाणी बोट लावून मिळतं. स्थानकांची नावं यादीतून निवडायची असतात, टाइप करावी लागत नाहीत. आठवून लिहिण्यापेक्षा समोर दिसलेलं ओळखणं माणसाला केव्हाही सोपं जातं. डॅनिश तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी १९९४ मध्ये इंटरफेस पारखण्याचे जे दहा निकष पक्के केले, त्यांत हा एक ठळक निकष आहे. वापरणारा कुठे उभा आहे, त्याच्या हाताशी काय आहे, त्याला घाई किती आहे, हे ज्याला कळलं त्याचं अॅप टिकलं.

लोकलमधल्या गर्दीने आणखी एक धडा दिला आहे. एका हाताने वरची कडी धरलेली आणि दुसऱ्या हातात फोन, म्हणजे काम करणारा फक्त अंगठा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स याने १९५४ मध्ये दाखवून दिलं, की लक्ष्य जितकं लहान आणि जितकं दूर, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त. म्हणजे महत्त्वाचं बटण मोठं हवं आणि अंगठ्याच्या टप्प्यात हवं. तरीही ‘पैसे भरा’ आणि ‘रद्द करा’ ही बटणं एकमेकांना खेटून ठेवणारी अॅप आजही दिसतात. धक्का बसला, अंगठा घसरला की संपलं!

कधी कधी नियम बरोबर असतो आणि तो सांगण्याची रीत चुकते. रेल्वेचं कागदविरहित तिकीट मोबाइलवर काढताना प्रवासी रुळांपासून काही अंतर दूर असावा लागतो. कारण उघड आहे : टीसी दिसल्यावर खिशातून फोन काढून तिकीट घेणाऱ्यांना आळा बसावा. पण जिना उतरून फलाटावर आलेल्या प्रामाणिक माणसाला पडद्यावर नुसता नकार दिसला, तर तो अॅपलाच शिव्या देणार. अडवायचं असेल तर का अडवलं आणि आता काय करावं, हे दोन ओळींत सांगितलं पाहिजे. ‘अवैध नोंद’ असा लाल शेरा मारणारे आपल्याकडचे कित्येक फॉर्म इथेच हरतात. ‘मोबाइल क्रमांक दहा आकडी हवा, तुम्ही नऊ आकडे लिहिले आहेत’ असं लिहायला कितीसा खर्च येतो?

पनवेलच्या मासळी बाजारात गेलं, की यूपीआयच्या साउंडबॉक्सचं महत्त्व कळतं. कोळिणीचे हात ओले, खवल्यांनी भरलेले. कोयता चालू आहे, समोर तीन गिऱ्हाइकं उभी आहेत. प्रत्येक वेळी हात पुसून फोन उघडून पैसे आले का ते ती बघणार तरी कशी? यूपीआय सुरू झालं २०१६ मध्ये आणि पहिली काही वर्षं गिऱ्हाइकाने दाखवलेल्या पडद्यावर विश्वास ठेवावा लागे. खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारेही भेटत. सिमकार्ड घातलेला हा छोटा डबा आला आणि पैसे जमा झाल्याचं मराठीत मोठ्याने सांगू लागला. तिला मान वर करावी लागत नाही. शिवाय तो आवाज गिऱ्हाइकालाही ऐकू जातो, म्हणजे वाद उरत नाही. बाजाराच्या गोंगाटात ऐकू येईल एवढा मोठा आवाज, आकडा स्पष्ट, वाक्य छोटं. पडदा नसलेला इंटरफेस किती नेमका असू शकतो, त्याचा हा नमुना.

पण याच यूपीआयमध्ये एक मोठा खड्डा होता. पैसे मागण्याची सोय, म्हणजे ‘कलेक्ट रिक्वेस्ट’. भामटा फोन करून सांगे, ‘तुमचा सोफा मी विकत घेतो, आगाऊ रक्कम पाठवतोय, आलेल्या सूचनेला होकार द्या आणि पिन टाका.’ समोरच्याला वाटे, पैसे येत आहेत. पिन टाकला की पैसे जात. इथे दोष कुणाचा? बँकेत पैसे भरताना स्लिप लिहावी लागते, काढतानाही लिहावी लागते; मग पैसे घेताना पिन लागतो असं एखाद्याला वाटलं तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. प्रत्येक माणूस मनाशी वस्तूचं एक चित्र बांधतो आणि त्या चित्राप्रमाणे वागतो. भामट्यांनी त्या चित्रातली फट हेरली. वर्षानुवर्षं जाहिराती झाल्या, संदेश आले, पोलिसांनी पत्रकं काढली : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक चालूच राहिली. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दोन व्यक्तींमधली ही मागणीची सोयच बंद केली. वाट चुकीची असल्याची पाटी लावण्यापेक्षा वाटच बुजवली. हे कितीतरी आधी सुचायला हवं होतं.

मराठी माणसाला रोज छळणारी आणखी एक जागा म्हणजे नावाचा रकाना. आपलं नाव तीन पदरी : स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. परदेशी धाटणीच्या फॉर्मला हवं असतं पहिलं नाव आणि शेवटचं नाव. मधल्याचं काय करायचं? कुणी ते पहिल्या रकान्यात कोंबतं, कुणी गाळतं, कुणी आद्याक्षर लिहितं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. मग पॅन आणि आधार जोडायला गेलं की तफावत निघते आणि काम अडतं. त्यात आता चौथा पदर आला आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम राज्य सरकारने शासकीय कागदपत्रांसाठी ठरवून दिला. निर्णय उत्तमच आहे. ही मुलं शाळेत जाऊ लागतील, त्यांचे पासपोर्ट निघतील, तेव्हा देशभरातल्या फॉर्मांत त्यांच्या आईसाठी रकाना असेल का, याचं उत्तर आज फॉर्म आखणाऱ्यांनी शोधायला हवं.

भाषेच्या बाबतीतही तेच. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या अॅपमध्ये देवनागरी ओतली, की ओळींमधली जागा पुरत नाही. वरचा रफार कापला जातो, खालचा उकार पुढच्या ओळीत घुसतो. विंडोजवर वर्षानुवर्षं दिसणारा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट घडवणारे र. कृ. जोशी मराठीच, कवी आणि सुलेखनकार. अक्षराला श्वास घ्यायला जागा लागते, हे त्यांच्यासारख्यांना हाडीमाशी ठाऊक होतं. टाइप करण्याचा प्रश्न त्याहून अवघड. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या आयडीसीतल्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ हा मोबाइल कीबोर्ड आणला. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याभोवती चक्र उमलतं आणि त्यात का, कि, की, कु, कू अशी रूपं दिसतात; हव्या त्या रूपाकडे बोट सरकवायचं. बाराखडी घोकलेल्या मुलाला ते नव्याने शिकावं लागत नाही. तरीही आज बहुतेक मराठी माणसं रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळवतात, कारण फोनमध्ये आधीपासून जे असतं तेच वापरलं जातं. चांगलं डिझाइन हाताशी आयतं मिळालं नाही, तर ते मागे पडतं.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा विचार तर आपल्याकडे सर्वांत शेवटी होतो. बँकेचं खातं किंवा सिमकार्ड घेताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. ज्यांचे डोळे अॅसिड हल्ल्यात गेले, ज्यांच्या पापण्याच उरल्या नाहीत, त्यांनी काय मिचकवायचं? हा प्रश्न घेऊन अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक अंध नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला : डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसीची, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याची, पद्धत सर्वांना वापरता येईल अशी करण्यासाठी वीस निर्देशही दिले. एका पडद्याच्या मांडणीचा प्रश्न मूलभूत हक्कांपर्यंत जाऊन पोहोचला, ही साधी घटना नाही.

हे सगळं चांगलं करायचं तर नेमकं करायचं काय? फार खर्चिक काही नाही. कागदावर आराखडा काढायचा आणि ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात द्यायचा. मग गप्प बसून बघायचं. तो कुठे थबकतो, कुठे भलतीकडे बोट नेतो, कुठे कपाळाला आठ्या पडतात. मधे बोलून मदत करायची नाही, हे सर्वांत कठीण. पाच माणसांना असं वापरून बघायला दिलं तरी मोठ्या अडचणी बव्हंशी उघड्या पडतात, हे नील्सन यांचं मत या धंद्यात प्रसिद्ध आहे. मात्र ती पाच माणसं कोण, यावर सगळं अवलंबून. पालिकेच्या मालमत्ता कराचं अॅप कार्यालयातल्या पाच संगणक जाणणाऱ्यांनी तपासून काय उपयोग? ते खांदा कॉलनीतल्या निवृत्त शिक्षकाला, तळोज्यातल्या कामगाराला, महापालिकेत आलेल्या गावातल्या गृहिणीला दिलं पाहिजे. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली आणि आजूबाजूची कितीतरी गावं एका रात्रीत शहरात आली. त्या माणसांना शहराच्या सेवा पडद्यावरूनच मिळणार असतील, तर त्या पडद्याची पहिली चाचणी त्यांच्याच ओसरीवर व्हायला हवी.

एक काळी बाजूही आहे. माणूस कुठे चुकतो याचं ज्ञान त्याला वाचवण्यासाठी वापरता येतं, तसंच फसवण्यासाठीही. न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं, ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई लावणं, नको म्हणणाऱ्याला ओशाळं वाटेल अशी वाक्यं लिहिणं, वर्गणी सुरू करायला एक टिचकी आणि बंद करायला सात पडदे ठेवणं, शेवटच्या पडद्यावर गुपचूप शुल्क वाढवणं. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून अशा तेरा प्रकारांना मनाई केली आणि जून २०२५ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या अॅपने नको ते गळ्यात मारलं, तर ‘आपल्यालाच कळत नाही’ म्हणून गप्प बसू नका. पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.